काखेतला ड्रेन बाराव्या दिवशीही चालू आहे: ठेवावा की काढावा?

खाडीकाठ (मालवण तालुका), बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्या आईच्या (वय ५८) उजव्या स्तनाच्या कर्करोगावर कोल्हापुरात शस्त्रक्रिया होऊन आज बारा दिवस झाले. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी आतले पाणी बाहेर काढण्यासाठी दोन नळ्या (ड्रेन) बसवल्या होत्या. छातीवरची सहाव्या दिवशी तिथेच काढली, आणि काखेतली तशीच ठेवून आम्हांला घरी पाठवले. नळीच्या टोकाला भात्यासारखा दबणारा प्लास्टिकचा डबा आहे. तो रोज रिकामा करून वहीत माप लिहायला सांगितले आहे आणि ते मी न चुकता करते आहे. सातव्या दिवसापासूनची मापे अशी आहेत: ११०, ९५, ८०, ६०, ५५ मिली, आणि आज अचानक १३०. रंग फिकट पिवळा आहे, ताप नाही, नळीभोवतीची त्वचा किंचित गुलाबी वाटते. आईला मधुमेह आहे; उपाशीपोटीची साखर १५० च्या आसपास असते.

आमच्याकडे चार दिवस पावसाची झड लागली आहे. फोंडाघाट उतरताना नळीला बसलेले हिसके मी पाहिले आहेत, त्यामुळे पुन्हा आईला घेऊन घाट चढायचा या विचारानेच पोटात गोळा येतो. वहिनी म्हणते की इतके दिवस नळी आत राहिली तर तिथून जंतू शिरणारच, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडून ती काढून घ्यावी. गावातले डॉक्टर म्हणतात की नळी असेपर्यंत प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि डब्यातले पाणी तपासायला पाठवावे. कोल्हापुरातून दिलेल्या कागदावर मात्र प्रतिजैविकाचे नावही नाही. आजचे वाढलेले माप हे संसर्गाचे लक्षण आहे का? शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना उद्या सकाळी फोन करणारच आहे, पण त्यांना नेमके काय विचारावे हे आधी समजून घ्यायचे आहे.


वाशिष्ठी (चिपळूण), बुधवार, रात्री १०.१५

ताई, तुम्हांला घाबरवायचे नाही, परंतु आमचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या वडिलांचे अपेंडिक्स फुटल्यावर एका खासगी रुग्णालयात त्यांची तातडीची शस्त्रक्रिया झाली. पोटातून रबराची पन्हाळीदार पट्टी बाहेर काढून तिच्यावर कापसाची जाड घडी ठेवली होती. ती घडी दिवसातून दोनदा भिजत असे, आणि बदलायला येणारा माणूस हात धुऊन येतो की नाही हे विचारण्याची आमची हिंमत होत नसे. आठव्या दिवशी जखमेतून पू येऊ लागला, टाके उसवावे लागले आणि जखम भरायला सव्वा महिना गेला. त्या पट्टीनेच जंतू आत नेले असे माझे आजही ठाम मत आहे. तुमच्या वहिनींचे म्हणणे मला पटते. नळी जितक्या लवकर निघेल तितके बरे.


निवृत्त परिचारिका (कुडाळ), गुरुवार, सकाळी ६.५०

ताई, मी सत्तावीस वर्षे शस्त्रक्रिया विभागात काम केले आहे, त्यामुळे आधी वहीबद्दल बोलते. तुम्ही मापे लिहिली हे फार चांगले केलेत, कारण नळी काढण्याचा निर्णय दिवस मोजून होत नाही, तो या आकड्यांवर होतो. तुमचे आकडे ५५ पर्यंत शिस्तीत उतरत आले आणि मग एकदम वर गेले. वॉर्डात असे झाले की मी पहिल्यांदा रुग्णाला विचारत असे, "काल हाताने काय काम केलेत?" तुमच्या आईंनाही हाच प्रश्न विचारा, आणि त्या "काहीच नाही" म्हणाल्या तर घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारा.

आता डबा रिकामा करण्याची पद्धत. तुम्हांला शिकवली असेलच, पण घरी आल्यावर एकेक पायरी गळते असे मी पाहिले आहे. आधी साबणाने हात धुवायचे, घड्याळ लावल्यासारखे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, आणि ते पदराला न पुसता धुतलेल्या, कोरड्या पंच्याला पुसायचे. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे चार चार दिवस दमट राहतात, म्हणून या कामाचे दोन पंचे वेगळे ठेवून त्यांना इस्त्री फिरवावी. मग नळीवरची चिमटी बंद करायची, डब्याचे बूच उघडायचे आणि पाणी मापाच्या प्याल्यात ओतायचे. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही आणि डब्याचे तोंड प्याल्याच्या काठाला टेकू द्यायचे नाही. त्यानंतर डबा दोन्ही तळव्यांत पूर्ण चेपायचा, चेपलेला असतानाच बूच लावायचे आणि मग चिमटी सोडायची. पुष्कळ घरांत बूच आधी लावतात आणि डबा नंतर चेपू पाहतात. अशाने खेच निर्माणच होत नाही आणि डबा नुसता लटकत राहतो. डबा फुगून सरळ झाला की त्याची खेच संपली असे समजा. अर्धा भरला तरी रिकामा करावा. माप घेतल्यावर पाणी संडासात ओतून हात पुन्हा धुवावेत.

डबा नेहमी जखमेपेक्षा खाली असावा. आई बिछान्यावर असताना तो उशीशेजारी ठेवला तर नळीतले पाणी परत आत जाण्याची भीती असते. जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवून कमरेला बांधा, म्हणजे उठताबसता नळीला हिसका बसणार नाही. नळीत कधी कधी पांढरट दोऱ्यासारखे काही दिसते, ते घट्ट झालेले प्रथिन असते. त्यामुळे नळी तुंबली तर पाणी डब्यात येण्याऐवजी नळीच्या कडेने झिरपून पट्टी ओली होते. वॉर्डात आम्ही अशा वेळी एका हाताने त्वचेजवळची नळी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने ती डब्याच्या दिशेने निपटत आणतो. त्याला आम्ही मिल्किंग म्हणतो, गाईची धार काढावी तसेच ते दिसते. तुम्हांला ते कुणी करून दाखवले नसेल तर मात्र स्वतः करू नका, वरचा हात सुटला तर टाक्यावर ताण येतो.

ओली पट्टी तासभरही तशी ठेवू नये. विहिरीच्या पाण्याने अंघोळ केली म्हणून काही बिघडत नाही, पण नळीची जागा कोरडी राहिली पाहिजे, म्हणून तूर्त कमरेखाली अंघोळ आणि वर ओल्या फडक्याने पुसणे एवढेच करावे. हळद, खोबरेल, झाडपाल्याचा रस यांतले काहीही त्या छिद्राजवळ नको. आणखी एक विचारते, राग मानू नका: आई मशेरी लावतात का? आपल्याकडच्या त्या वयाच्या बायका डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले की "नाही" म्हणतात, कारण मशेरी म्हणजे तंबाखू असे त्यांच्या मनात येतच नाही. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि शिवलेल्या त्वचेच्या कडांना जे रक्त मिळायला हवे तेच कमी होते.


शल्यविशारद (रत्नागिरी), गुरुवार, दुपारी २.२०

रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे निर्णय कोल्हापूरच्या डॉक्टरांचाच राहील. परंतु प्रश्नामागचे तत्त्व स्पष्ट करता येईल.

काखेतल्या गाठी म्हणजे लसिका ग्रंथी काढताना असंख्य सूक्ष्म लसिकावाहिन्या कापल्या जातात, आणि वरची त्वचा छातीच्या भिंतीपासून सुटी झालेली असते. त्या दोहोंमधल्या पोकळीत लसिका, म्हणजे फिकट पिवळे पाणी, झिरपत राहते. बंद डब्यातली खेच दोन कामे करते: साचणारे पाणी बाहेर आणते आणि त्वचेला खालच्या भिंतीशी चिकटवून ठेवते, म्हणजे पोकळीच उरत नाही. पाणी तसेच साचले तर त्याला सेरोमा म्हणतात. साचलेले पाणी जंतूंना आयते खाद्य असते, शिवाय ते सुईने काढावे लागते आणि प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जाण्याची थोडी शक्यता असते. म्हणून "लवकर काढा म्हणजे संसर्ग टळेल" हे विधान अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धेही खरे आहे, हे मी नाकारत नाही. मोरीचे भोक पाणी बाहेर जाण्यासाठी असते, तरी पावसाळ्यात त्यातून काय काय आत येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने हळूहळू आत सरकतात, आणि प्लास्टिकला चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. नळी असेपर्यंत गोळ्या चालू ठेवल्या तरी नळी निर्जंतुक राहत नाही ती यामुळेच. उलट गोळ्यांना दाद न देणारे जंतू तेवढे टिकून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग टाळण्यासाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत केवळ ड्रेन आहे म्हणून प्रतिबंधक प्रतिजैविक पुढे चालू ठेवू नये असे म्हटले आहे. प्रतिजैविकाची खरी वेळ छेद घेण्यापूर्वीची असते. ते छेदाआधीच्या १२० मिनिटांत द्यावे, असे त्याच शिफारशी सांगतात. तुमच्या कागदावर गोळ्या नाहीत, ही कोल्हापूरच्या डॉक्टरांची विस्मृती नसून बहुधा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

डब्यातले पाणी तपासायला पाठवण्याबद्दलही असेच. आठवडाभर शरीराबाहेर लटकणाऱ्या डब्यात जंतू सापडले तर नवल नाही. अहवालात जंतूचे नाव आले की ते पाहणाऱ्याला औषध लिहिण्याचा मोह होतो, पण नळीत जंतू असणे आणि जखमेत संसर्ग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लालसरपणा रोज पसरत जाणे, जागा गरम आणि टणक होणे, ठणका वाढणे, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पाणी गढूळ होणे किंवा त्याला घाण वास येणे ही संसर्गाची लक्षणे होत. त्यांतले एक जरी दिसले तरी घाटाचा विचार न करता जवळच्या शल्यविशारदाकडे त्याच दिवशी जावे. टाक्याभोवतीची रुपयाएवढी गुलाबी कड पुष्कळदा नुसत्या घासण्यामुळे असते. बॉलपेनाने तिच्या कडेने रेघ मारून ठेवा. उद्या लाली रेघेबाहेर गेली आहे का ते पाहा आणि दोन्ही दिवसांचे फोटो डॉक्टरांना पाठवा.

काढण्याचा निकष विचाराल तर २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी, तेही सलग दोन दिवस, हा पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. कुणी २० धरतात, कुणी ५० पर्यंत जातात, आणि बरेच दिवस झाले तर माप थोडे जास्त असतानाही नळी काढून सेरोमा पत्करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींनी यासाठी ठरावीक दिवस सांगितलेला नाही, कारण तसा आधार देणारा पुरावा मिळाला नाही. म्हणून फोनवर "कधी काढायची?" असे विचारण्याऐवजी "तुमचा आकडा कोणता, आणि तो आला तर इकडच्या शल्यविशारदाने काढली तर चालेल का?" असे विचारा. नळी काढणे पाच मिनिटांचे काम आहे, त्यासाठी घाट चढावाच लागतो असे नाही.

चिपळूणच्या सदस्यांच्या वडिलांबद्दल वाईट वाटले. त्यांच्या अनुभवाचा आदर ठेवून एक फरक दाखवतो. अपेंडिक्स फुटले तेव्हाच पोटात पू झाला होता. पट्टी ठेवली ती त्यामुळे. अशा पोटावरची जखम ड्रेन नसतानाही चिघळू शकते. तरीही त्यांची शंका निराधार नाही, कारण रबराची पट्टी हा उघडा ड्रेन असतो: तो कापसात वाहतो, आणि कापूस ओला झाला की बाहेरून आत जाणारी वाट तयार होते. कॅनडातल्या कॅलगरी शहरात दहा वर्षे ६२,९३९ जखमांची नोंद ठेवून केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. कोणत्या जखमा का चिघळतात याचा एवढा मोठा हिशेब त्याआधी क्वचितच कुणी मांडला असेल. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने १९९९ साली सांगितले की ड्रेन लागणारच असेल तर तो बंद आणि खेचीचा असावा, मुख्य छेदातून न काढता वेगळ्या छिद्रातून काढावा आणि शक्य तितक्या लवकर काढून टाकावा. तुमच्या आईंचा ड्रेन यांतल्या पहिल्या दोन अटी पूर्ण करतो. थायरॉइड, हर्निया, दुर्बिणीतून काढलेले पित्ताशय अशा कितीतरी शस्त्रक्रियांत आता नेहमीसाठी ड्रेन ठेवतच नाहीत. काखेत मात्र तो अजून टिकून आहे, कारण तिथे त्याचे काम खरोखर असते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७१ साली बालमोरल येथे व्हिक्टोरिया राणीला काखेतच मोठे गळू झाले होते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांनी ते फोडले, पण पू नीट वाहीना, तेव्हा त्यांनी आपल्या कार्बॉलिक या जंतुनाशकाच्या फवारणी यंत्राची रबरी नळी कापून आत बसवली.


खाडीकाठ (मालवण तालुका), गुरुवार, रात्री ८.०५

सर्वांचे मनापासून आभार. परिचारिकाताई, तुम्ही जणू आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होतात. आईला विचारले तर ती "काय नाय गो" म्हणाली. वहिनीला विचारले तेव्हा कळले की मंगळवारी दुपारी मी बाजारात गेले असताना आई आडाळ्यावर बसून दोन नारळ किसत होती. चवथ जवळ आली आहे, माहेरवाशिणी येणार, आणि सुनेने किसलेले खोबरे जाड राहते असे तिचे म्हणणे आहे. वहिनीने तिला अडवले नाही म्हणून वहिनी माझ्याशी सकाळपासून बोलत नव्हती, आणि नळी ओढून काढण्याचा तिचा आग्रह कुठून आला होता तेही आता माझ्या लक्षात आले.

आई मशेरी लावते. सकाळी आणि रात्री. कोल्हापुरात कुणी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नाही.

डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांचा आकडा ३० चाच आहे, सलग दोन दिवस. तो आला तर कणकवलीतल्या शल्यविशारदांकडून काढून घेण्यास त्यांची हरकत नाही, आणि त्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार आहेत. गोळ्या नकोत असे त्यांनी स्पष्ट सांगितले. साखरेसाठी मात्र इथल्या डॉक्टरांकडे लगेच पाठवले आहे. शेजारी म्हणतात की बांगडा खाल्ला तर जखमेत पू होतो, म्हणून आई बारा दिवस उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड यांवर आहे. हे खरे आहे का?


निवृत्त परिचारिका (कुडाळ), गुरुवार, रात्री ९.३०

अजिबात खरे नाही. डब्यातून रोज जे पिवळे पाणी जाते, त्यात प्रथिने जातात. ती भरून यायला मासा, अंडे, डाळ, उसळ हवी. नुसत्या पेजेवर जखम कशी भरणार, आणि पेजेने साखर वाढते ती वेगळीच. नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे, होड्या समुद्रात आहेत, तेव्हा ताजा बांगडा मिळत असेल तर तिखले करून द्या. नारळ वाटणाला लागला तर तो वहिनींनी किसावा.

हात अगदी बांधून ठेवायचा नाही, हेही सांगते. वेणी घालणे, तोंड धुणे, जेवणे ही कामे चालतील. खांद्याच्या वर हात नेणे आणि एकसारखे घासण्या-किसण्याचे काम सध्या नको. खांदा आखडू नये म्हणून पुढचे व्यायाम कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवा.


वाशिष्ठी (चिपळूण), शुक्रवार, सकाळी ७.२०

डॉक्टरांचे उत्तर मी दोनदा वाचले. पू आधी आणि पट्टी नंतर, हा क्रम इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही न धुतलेल्या हातांबद्दलची माझी तक्रार मी मागे घेत नाही.


शल्यविशारद (रत्नागिरी), शुक्रवार, दुपारी १.४५

ती मागे घेऊही नये. पट्टी बदलणाऱ्याला "हात धुतलेत का?" असे विचारण्याचा रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या वॉर्डात त्याचा कुणाला राग येत नाही.


खाडीकाठ (मालवण तालुका), पुढचा बुधवार, सायंकाळी ६.३०

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढचे कळवणे माझे कर्तव्य आहे. माप गुरुवारी ९०, शुक्रवारी ६०, शनिवारी ४०, मग २८ आणि २५ असे उतरले. बॉलपेनाच्या रेघेबाहेर लाली गेली नाही. मंगळवारी कणकवलीत नळी काढली. डॉक्टरांनी आधी डब्याचे बूच उघडून खेच घालवली, टाका कापला आणि आईला श्वास सोडायला सांगून नळी एका लयीत बाहेर घेतली. आतला भोके असलेला भाग माझ्या वितीपेक्षा लांब होता, एवढे सगळे तिच्या काखेत होते हे पाहून मला क्षणभर गरगरले, आई मात्र "संपला?" एवढेच म्हणाली. आज काखेत लिंबाएवढा फुगवटा आहे. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले की दुखत नसेल आणि वाढत नसेल तर सुई घालू नका, शरीर ते शोषून घेईल, शुक्रवारी दाखवा. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांपर्यंत जखमेवर नजर ठेवायला सांगितले आहे, म्हणून वही चालूच आहे. मिलीच्या जागी आता ताप आणि साखर लिहिते.

मशेरीचा डबा वहिनीने लपवला आहे. आईला तो कुठे आहे हे माहीत आहे असा मला संशय आहे.